उजवा दाणा

कोंडू भगताने भिजवलेल्या तांदळातले दोन दाणे निवडले आणि वाघोबाच्या दगडी खांद्यांवर चिकटवले. एक उजव्या, एक डाव्या. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार.

"देवा, धाऊची रांडमुंड सून जनी किन्हवलीच्या नामाशी पाट लावीन म्हणते. लावू दे का नको?"

हे तिसऱ्यांदा विचारणे होते. चौथ्यांदा विचारत नाहीत. मागे दोन्ही वेळा डावा दाणा पडला होता आणि दोन्ही वेळा सासऱ्याने, धाऊने, हात जोडले होते. "माझं काय चालतंय? देवच नको म्हणतो." भाताच्या लावणीला धाऊच्या घरात आता जनीचेच दोन हात उरले होते.

तीन वर्षे देवाची झाडलोट जनीच करी. कौल नेहमी दुपार कलल्यावर लागे. तोवर सकाळच्या उन्हाने दगडाचा डावा खांदा तापलेला असे. उजव्यावर दुपारचे ऊन अडवणारी उंबराची फांदी वाकलेली. तिथला दगड माठासारखा गार. तापल्या बाजूचा दाणा आधी वाळतो आणि वाळला की सुटतो. हे तिने हाताने चाचपून पाहिले होते. एकदा आसपास कोणी नसताना तिने स्वतःच दोन दाणे लावून विचारले होते, "मी बाईमाणूस हाय ना?" डावा पडला होता.

काल राबासाठी, भातरोपाची जमीन भाजायला, ऐनाच्या फांद्या तोडून परतताना ती उंबराखाली थांबली. देव असला तर हात धरील, नसला तर होकार देईल. कोयता उचलून तिने थोडी वाट पाहिली. मग घाव घातला. फांदी शेतातल्या राबाच्या ढिगाखाली गेली.

उजवा दाणा पडला.

नामा मांडीवर नवे लुगडे घेऊन बसला होता. तो उठून उभा राहिला. धाऊ देवाकडे बघत राहिला, भर पंचायतीत भावाने साक्ष फिरवावी तसा. जनीने मान खाली घातली.

कोंडूने डोळ्यांवर हात धरला. "इथं ऊन कसं आलं?" त्याने वर पाहिले. उंबराच्या पांढऱ्या घावावर चीक वाळला होता.

देवाच्या झाडाला कोयता लावणाऱ्याने पाच पावसाळे गावाची वेस ओलांडायची नाही, असा नेम होता.

"देवालाच इचारू," कोंडू म्हणाला आणि त्याने नवे दाणे लावले. "गावातल्याच कोणी तोडली?"

उजवा पडला.

धाऊने जनीच्या कमरेच्या कोयत्याकडे पाहिले. "बाई होती का, इचार."

उजवा पडला.

"आज देव खुशीत हाय," नामा हसला. "सगळ्यालाच हो म्हणतो." दोघेतिघे त्याच्याबरोबर हसले. धाऊ हसला नाही.

जनीने उन्हाचे सांगावे, तर पहिला होकारही उन्हाचाच.

"भगतबाबा," ती म्हणाली, "बाकीचं उद्या सकाळी इचारा. किती इचाराल? देव दमला असंल."

"देव दमत नाय गो," धाऊ म्हणाला. "कोंडू, आता इचार. माझ्या घरातली का?"

कोंडूने दोन दाणे लावले. सगळे दाण्यांकडे बघू लागले. जनी एकटी सूर्याकडे बघत होती. तो अजून डोंगराच्या बराच वर होता.