चार ओळींची जागा

"सह्यांच्या ओळी एकट्याच पडल्यात तिसऱ्या पानावर," मृणाली म्हणाली. "असा कागद नोंदणीच्या टेबलावरून परत येतो. सहीच्या वर थोडा तरी मजकूर लागतो."

"मग घे त्या वर," विपुल म्हणाला. "अर्ध्या तासात नंबर लागंल आमचा."

उरणला नोंदणी कार्यालयासमोर मृणालीचं टायपिंगचं दुकान होतं. विपुलचे चार ट्रेलर बंदरावर चालत, त्यामुळे त्याला सगळं लगेच हवं असे. आज तो वडिलांना, नामाला, आणि आत्याला, मैनाला घेऊन आला होता. मैना जमिनीतला आपला हिस्सा भावाच्या नावावर सोडणार होती.

मृणालीने असे शेकडो हक्कसोडीचे कागद टाइप केले होते. हिस्सा मागितला तर माहेर तुटतं, म्हणून बहिणी मागत नाहीत. आणि त्या मागत नाहीत, म्हणून त्यांना कोणी विचारत नाही. दर वेळी तिचा जीव जळायचा. पण पोट त्याच कागदांवर चालत होतं, त्यामुळे जळून जळून जळणार किती?

तिने पेन ड्राइव्हमधली फाइल उघडली. वकिलाच्या कारकुनाने नेहमीप्रमाणे एंटर बडवून ठेवले होते. तिसऱ्या आणि चौथ्या परिच्छेदांच्या मधे तर पाच एंटर. चार ओळी बसतील एवढी जागा कोरी.

"हे खिंडार बुजवते. सह्या आपोआप वर येतील."

"ते न्हाय." विपुल पटकन पुढे झाला. त्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ते तसंच राहू दे. दुसरीकडून काय ते कमी कर."

"रिकामी जागा चांगली दिसत नाही कागदात."

"माझ्यावर सोड, ताई. चार ओळी. कमी नको." मग त्याने विचारलं, "प्रिंट काळाच येतो ना? निळसर न्हाय?"

मृणालीच्या मनात पाल चुकचुकली. विपुलच्या खिशाला नवंकोरं काळं पेन होतं.

दोन वर्षांपूर्वी केसरकाकूंचा कागद तिनेच टाइप केला होता. त्यातल्या कोऱ्या जागेत पुतण्याने मागाहून एक ओळ लिहिली, आणि काकूंची विहीर गेली. तेव्हापासून काकू मृणालीच्या दारावरून जाताना मान वळवत. तिला ते फार लागलं होतं.

तिने परिच्छेदांनंतरची जागा दहा पॉइंटवरून सहावर आणली. सह्या दुसऱ्या पानावर आल्या. खिंडार जागच्या जागी राहिलं.

"हां, असं," विपुलने पडदा नीट पाहून घेतला.

तेवढ्यात नामा आत आला. त्याला वाचता येत नव्हतं, पण कोणावर विश्वास ठेवायचा नाही एवढं येत होतं. "छापायच्या आधी वाच गो पोरी. शब्दन् शब्द वाच."

मृणालीने पडद्यावरून सगळं वाचून दाखवलं. "गट नंबर सदतीसमधील माझा संपूर्ण हिस्सा माझे बंधू नामा यांच्या लाभात स्वखुशीने सोडून देत आहे" या वाक्याला म्हाताऱ्याने मान डोलावली. कोऱ्या जागेचा आवाज होत नाही, त्यामुळे ती त्याला कळली नाही. विपुल सगळा वेळ नखं कुरतडत होता.

"बरोबर हाय. याच्याबाहेर एक अक्षर नको," असं बजावून नामा गाडीकडे गेला. विपुलला फोन आला, तो रस्त्यावर उतरला.

बाकावर बसलेली मैना उठून आत आली. नेसायला ठेवणीतलं लुगडं, हातात औषधांची पिशवी.

"माझं घर तेवढं र्‍हाईल ना गो? दोन खोल्या हायत. नवऱ्यामागं तेवढाच आसरा."

मृणालीने मजकूर पुन्हा वरपासून खालपर्यंत चाळला. "मैनाकाकी, घराचं नावसुद्धा नाही यात कुठे."

म्हातारी समाधानाने हसली. ते हसणं पाहून मृणालीचं ठरलं. आत्ता नाव नाही, पण तासाभराने त्या चार ओळींत यायला कितीसा वेळ? तिने पाचांतले चार एंटर उडवले. परिच्छेदांनंतरची जागा सहावरून बारावर नेली. मजकूर पसरला, पान काठोकाठ भरलं. आता त्यात मुंगीलाही पाय ठेवायला जागा नव्हती. प्रिंट काढून, टाचून तिने कागद पाकिटात घातला.

"नंबर पुकारला!" विपुल धावत आला, पाकीट हिसकून घेऊन गेला.

तिला दुपारी जेवण गेलं नाही. चार ट्रेलरवाल्याशी वैर घ्यायचं म्हणजे गंमत नव्हे. पण आत कुठेतरी बरंही वाटत होतं. केसरकाकूंचं थोडं फिटलं.

चारच्या सुमाराला विपुल एकटाच आला. तो ओरडेल म्हणून ती उभीच राहिली. तो ओरडला नाही. स्टुलावर बसला.

"मधली जागा कुठं गेली, ताई?"

"मी काढली." तिचा आवाज चढला. "बाईमाणसाला फसवायला मी कागद करत नाही. सही झाली का?"

"झाली. टेबलाशी पाकीट उघडलं, तवा मला कळलं. बापूस बाजूलाच होता. आत्यानं सही केली, अंगठा दिला, फोटो काढला."

"मग? आता पोलिसांत जा माझ्या नावाने."

विपुलने मान हलवली.

"आत्याचं घर सदतीस नंबरातच हाय. बापूस सोमवारी पाडायला माणसं लावतोय. छापलेलं त्यानं वाचून घेतलं असतं, म्हणून त्या चार ओळींत मी हातानं लिहिणार होतो, का घर सोडून बाकीचं दिलं."