बेडकाची पत्रिका

हे लिहिणारच नव्हतो, कारण यात निनादची पार अब्रू जाते. पण गेलीच आहे, तर जाऊ दे.

मोबाईलवर राक्षस पकडायच्या त्या गेममध्ये प्रत्येक राक्षसाचे काही गुण लपलेले असतात. निनाद ते मुलगी बघायला आलेल्या आत्यासारखा तपासायचा. त्याच्या ड्रॅगनचे छत्तीसच्या छत्तीस. त्याच्या मित्राच्या, सुदीपच्या बेडकाचे चार.

"सुद्या, सोडून दे रे तो जंगलात. लाज आणतोय."

"वीज पाडतो तो."

"गुण बघ आधी!"

गेममधला त्यांचा किल्ला मारुतीच्या पारावर होता. वरच्या आळीतली पोरं तो घ्यायला आली, तेव्हा निनादने ऐटीत ड्रॅगन उतरवला. त्या ड्रॅगनला डाव एकच यायचा, फुंकर मारायचा. समोरच्याला वारासुद्धा लागला नाही आणि छत्तीस गुण आडवे झाले. पोरं शिट्ट्या मारायला लागली.

सुदीपने बेडूक पुढे केला. त्याने दोनदा वीज पाडली आणि किल्ला वाचला.

निनादने मान खाजवली. "सुद्या, आईशप्पथ, तुझ्या बेडकाची पत्रिका परत नाही मागणार."

"आणि माझ्या लग्नात?"

"तोंड फक्त जेवायला उघडीन."