शालन वर आली तेव्हा

भोसरीच्या प्रेसशॉपमध्ये दशरथनं तीस वर्षं पत्रा ठोकला. कानांसाठी कंपनी रबरी बोळे द्यायची, शालन ते रोज डब्यावर ठेवायची अन् हा म्हणायचा, "मर्दानं कानात डूल घालायचे व्हय गं?" निवृत्तीनंतर दोघं मालवणला आली, समुद्राच्या पोटात उतरायला. डायव्हरनं नाव चारदा विचारलं, तेव्हा दशरथला ऐकू गेलं. डायव्हर शालनकडं वळला, "काकी, ह्येंच्या कानांक पाण्याचो दाब सोसाचो नाय. तुमी एकट्याच चला." ती अडून बसली. "जा गं," दशरथ म्हणाला, "वर आल्यावर समदं सांग." ती उजळूनच वर आली. होडीचं इंजिन धडधडत होतं. तिचे ओठ हलत होते, बोटं मासोळ्यांगत पोहत होती. दशरथ मान डोलवत राहिला. तिनं काहीतरी विचारलं. त्यानं मानच डोलावली. शालन थबकली. मग शेजारच्या अनोळखी बाईला पहिल्यापासून सांगू लागली.