फॅक्सचा रकाना

डायलिसिस केंद्राच्या संगणकात पेशंटचा तक्ता बदलायचा होता. दोन रकाने वाढवायचे, एक काढायचा. काढायचा तो फॅक्स नंबरचा. सकाळचे पेशंट उठून दुपारचे बसेपर्यंत तासभर मिळणार होता, तेवढ्यात काम उरकायचं.

प्रोग्रामर काउंटरमागच्या खुर्चीत बसला. रकाना काढायची ओळ लिहून तयार होती. एकदा चालवली की आतल्या मजकुरासकट सगळं जातं, म्हणून त्याने आधी किती जागा भरल्यात ते मोजून घेतलं. शून्य यायला हवं होतं. एकशे सदतीस आलं.

त्याने उघडून पाहिलं. नंबर एकही नव्हता.

‘सुई लावताना बोलत राहावं. भीती जाते.’

‘सोबत येते ती सून. मुलगी म्हणावं, दोघींना आवडतं.’

‘शेजारच्या पलंगावरचे काका गेले, हे यांना सांगितलेलं नाही. लेकाकडे राहायला गेलेत म्हणावं.’

इतक्यात केंद्र चालवणाऱ्या सरांचा फोन आला.

“झालं का रे?”

“फॅक्सचा रकाना राहिलाय, सर. भरलेला आहे.”

“भरलेला? कशाने, प्रेमपत्रांनी? अरे, मशीन भंगारात जाऊन दहा वर्षं झाली. उडव आणि मोकळा हो.”

फोन बंद झाला तोच नोंदणीच्या ताई पदराला हात पुसत आत आल्या. पडद्यावर काय उघडलंय ते त्यांनी पाहिलं आणि तिथेच थबकल्या.

“माझंच काम ते,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “जागा रिकामीच पडलेली, म्हणून लिहीत गेले. मी सुट्टीवर असले तरी सिस्टर वाचतात. चुकलं का हो? आता जाणार का सगळं?”

“आत्ता, एका बटणावर जाणार होतं.”

ताई काउंटरची कड धरून उभ्या राहिल्या.

त्याने लिहिलेली ओळ पुसली. “सरांना मी सांगतो, रकाना वापरात आहे म्हणून. आणि असं चोरून कशाला लिहायचं, ताई? रीतसर मोठा चौकोन करून देतो. वर ठळक नाव घालू, ‘विशेष सूचना’. म्हणजे नवीन माणसालाही कळेल, इथे काहीतरी भरायचंय.”

ताईंचा जीव भांड्यात पडल्याचं दिसलं. पण मान नाहीच हलली.

“नाव नका घालू, दादा.”

“का?”

“नाव घातलंत की पेशंटला समोर बसवून विचारतील, बोला, काय लिहू?” त्यांनी आतल्या पलंगांकडे पाहिलं. एक सिस्टर नवी चादर अंथरत होती. “हे विचारायचं नसतं. कळलं की लिहायचं असतं.”