नचिकेतचा जुळा

“या आठवड्यात सगळी कामं हातावेगळी केली. नाचणीचा डोसा आणि नवी खुर्ची फार आवडली,” फोनवर नचिकेतच्या आवाजात त्याचा डिजिटल जुळा, म्हणजे हुबेहूब त्याच्यासारखा बोलणारा संगणक प्रोग्राम, सांगत होता. शाल्मलीचं डोकं फिरलं.

“मला खऱ्या दादाशी बोलायचंय! उद्या आईचं ऑपरेशन आहे.”

“नोंद घेतली. तिला माझ्या शुभेच्छा सांग.”

वेळ वाचवायचं वेड असलेल्या भावाने हा जुळा बनवून घेतल्यापासून तोच सगळ्यांशी बोलायचा. शाल्मली तणतणत भावाच्या घरी पोहोचली, तर नचिकेत गॅलरीत नुसताच बसलेला.

“काम नाही तुला?”

“सगळं तोच करतो,” तो ओशाळून म्हणाला. “शालू, मला कुणी विचारतच नाही गं.”

“मग ऊठ, चप्पल घाल! आईला हात धरायला कुणीतरी हवंय, आणि तुझ्या त्या जुळ्याला हात नाहीत.”