वजनाचा रकाना

सव्वातीनला तपासणी अर्धवट टाकून ती पाणी प्यायला उठली. कंटाळून नव्हे, तिची पद्धतच ती. तिची कंपनी लहान मुलांच्या दवाखान्यांसाठी औषधाची मात्रा काढून देणारं सॉफ्टवेअर बनवायची, आणि तिची मोठी नणंद अशाच एका दवाखान्यात नर्स होती. वॉर्डात एक काम एका बैठकीत कधी पुरं होत नाही, मध्येच कुणीतरी हाक मारतंच, हे तिने नणंदेच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. म्हणून तपासताना तीही मध्येच उठायची, चार मिनिटं इकडेतिकडे करायची आणि मग परत येऊन बसायची. ऑफिसात तिला शंकाबाई म्हणत. म्हणेनात बापडे.

परत आली तोवर पडदा काळा झाला होता. तिने तो जागा केला, आणि पुढच्या मुलाचं नाव उघडलं. नाव नवं होतं, वजन जुनंच. बावीस किलोच्या मुलाचं वजन सहा किलोच्या बाळाच्या रकान्यात जाऊन बसलं होतं, आणि खाली त्या वजनाची मात्रा ठळक आकड्यांत तयार. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

चार वाजता ही नवी आवृत्ती सगळ्या दवाखान्यांत जाणार होती. दोन वर्षांपूर्वी तिने बसल्या जागेवरून 'नाही' म्हटलं असतं आणि सगळं तिथल्या तिथे थांबलं असतं. तेव्हा तपासणीला नऊ जण होते. आता ती एकटी. बाकीच्या तपासण्या एआयचं यंत्रच लिहितं आणि चालवतं, आणि यंत्राला काही कुणी मध्येच हाक मारत नाही. तिला पद मात्र नवं मिळालं होतं, गुणवत्ता मार्गदर्शक. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. मार्गदर्शकाला सल्ला देता येतो, थांबवता येत नाही.

ज्याने हा भाग लिहिला त्या प्रोग्रामरकडे ती आधी गेली. माणूस भला होता. त्याने खुर्ची दिली, पडदा तिच्याकडे वळवला. चार हजार तपासण्या, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. त्यातली वजनाची तिने उघडायला लावली. तिथे स्वच्छ लिहिलं होतं की पडदा जागा झाल्यावर वजन तेच राहिलं पाहिजे; मूल तेच की दुसरं, याचा उल्लेखच नव्हता. म्हणजे प्रोग्राम जे करत होता ते वाचून यंत्राने तेच बरोबर धरलं होतं. विद्यार्थ्याचा पेपर बघून मास्तरांनी उत्तरं ठरवावीत, त्यातली गत. प्रोग्रामरला ते पटलं, त्याचा चेहराच उतरला. पण थांबवणं त्याच्याही हातात नव्हतं.

मग ती साहेबांकडे गेली. साहेबांनी उठून दार लावून घेतलं आणि सगळं शांतपणे ऐकलं. वाईट माणूस नव्हताच तो. त्यांनी चूक नोंदवायला सांगितली. तिने तिथेच उभ्या उभ्या नोंदवली, आणि यंत्राने लगेच शेरा मारला : किरकोळ. दवाखान्यांकडून अशी तक्रार आजवर एकही आली नव्हती ना. अहो, ही आवृत्ती दवाखान्यांत अजून गेलीच कुठे आहे, असं ती म्हणाली तेव्हा साहेब कपाळ चोळत कसंनुसं हसले.

"मॅडम, आता आपण पूर्वीसारखे सहा-सहा महिने थांबत नाही," ते म्हणाले. "दर सोमवारी नवं जातं. कुठे काही चुकलं तर लोक कळवतात, आपण आठवड्याच्या आत सुधारतो."

"लोक म्हणजे कोण, सर?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. पुढच्या सोमवारी नक्की, म्हणाले, तुमचंच काम पहिलं.

ती जागेवर येऊन बसली. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग. एकोणीस वर्षं तिच्या 'नाही'वर लोक वैतागले, भांडले, पाठीमागे बोलले. आज कुणी वैतागलंही नव्हतं. चारला नवी आवृत्ती निघाल्याची पडद्यावरची पट्टी भरत गेली आणि पलीकडच्या टेबलांवर कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

ती उठून जिन्यात गेली. ऑफिसातली गोष्ट बाहेर सांगायची नाही, असा कागद तिने नोकरीच्या पहिल्याच दिवशी सही करून दिला होता. खड्ड्यात गेला तो कागद, म्हणत तिने नणंदेला फोन लावला.

नणंद नेहमीच्या घाईत होती. हिने दोन वाक्यांत सांगितलं. आजपासून नवं मूल उघडलं की वजन स्वतः टाका, रकाना भरलेला दिसला तरी. नणंदेने का म्हणून विचारलं नाही. पलीकडे कागद फाडल्याचा आवाज आला, मग चिकटपट्टी ओढल्याचा.

"लावली बघ चिठ्ठी पडद्यावर," नणंद म्हणाली. "इथल्या सगळ्यांना सांगते मी."

"ताई, बाकीचे दवाखाने दोनशेच्या वर आहेत. तिथे कुणाकुणाला सांगू मी?"

पलीकडे चिकटपट्टी खणात टाकल्याचा आवाज आला.

"तिथेही लागतील गं चिठ्ठ्या," नणंद म्हणाली. "माझ्या वॉर्डात प्रत्येक यंत्रावर एकेक आहे. आजची सोडली, तर काही होण्याआधी लावलेली त्यात एकही नाही."