एका डब्याचे तीन दर

बेस.

दिएपने थोआताईच्या डाव्या हाताच्या नखांवर जेल पॉलिशचा पातळ थर दिला आणि तो पक्का व्हायला हात दिव्याच्या पेटीत सरकवला. पेटीवर सेकंदांचा आकडा उमटला. साठ.

"जेल पक्कं होताना तापतं. भाजलं तर लगेच बाहेर काढा, ताई."

"पंधरा वर्षं हेच वाक्य मी गिऱ्हाइकांना ऐकवतेय. मला शिकवतेस होय?"

टेबलावर दोन वस्तू होत्या. एक लहान बाटली. तिच्याबरोबर तिच्याच कंपनीचा, खोक्यातला दिवा घ्यावा लागणार होता. दुसरा किलोभराचा पांढरा डबा. त्यावर नाव नाही, तारीख नाही. मागचा तसाच डबा संपला होता. दिएप सकाळीच स्कूटरवरून दोन्ही विकायला घेऊन आली होती.

"या वेळी बाटली घ्या," ती म्हणाली.

"त्यावर तुला कमिशन जास्त."

"कमिशन राहू द्या. डब्यातला माल वरून दगडासारखा होतो. आतून कच्चा राहतो. तुमच्या दिव्यात तर नक्कीच."

"आत कोण बघतंय? तेतच्या नववर्षाला अकरा दिवस राहिलेत. बाजारातल्या बायकांना लाल नखं हवीत, प्रयोगशाळा नकोय." थोआने नारळाच्या गोड कापांची बशी पुढे सरकवली. "खा. आणि ते हातमोजे काढ आता. तपासणीला आल्यासारखी बसलीयेस."

दिएपने हातमोजे काढले नाहीत. काडीने एक काप उचलला.

शून्य.

रंग.

डब्यातलाच लाल, जाड थर. करंगळीच्या कडेला थेंब सांडला. दिएप पुसायला काडी शोधेपर्यंत थोआने तो उजव्या अंगठ्याने पुसलाही.

"गिऱ्हाइकांचंही असंच पुसता?"

"मग? मोजे घातले की हाताला काही कळत नाही."

अंगठ्याच्या टोकाची कातडी कांद्याच्या सालीसारखी सुटली होती. दिएप बघत राहिली.

"भांड्यांचा साबण," थोआ म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

हात पुन्हा पेटीत. साठ. एकोणसाठ.

फोन वाजला. पडद्यावर शाळेतल्या हानबाईंचा निरोप: ताई, नखांखाली फार खाज सुटलीय. काढून द्याल का?

थोआने फोन उपडा ठेवला. "कोळंबी खाल्ली असेल."

"तुझं नखांचं दुकान होतं ना सादेकला?" तिनेच विषय बदलला. "का गं बंद केलंस? चांगलं चालायचं की."

"हात साथ देईनात."

"आळशी झालीस म्हण."

"तसं म्हणा."

चार. तीन. दोन.

"आणि बघ," थोआ म्हणाली, "एवढा जाड थर दिलास, तरी काही भाजलं नाही. जरासुद्धा नाही. याला म्हणतात माल."

दिएपने बाटली उचलली आणि पिशवीत ठेवली. दिव्याचं खोकंही ठेवलं. चेन लावली.

टॉप.

शेवटचा थर सुकेपर्यंत थोआने उजव्या हाताने पाटीवर तेतचे दर लिहिले.

साधं: ९० हजार डोंग
चमकदार: १५० हजार
जपानी: २२० हजार

"जपानी कुठून आणणार?" दिएपने विचारलं.

"बाटली आहे ना जपानी. गेल्या वर्षीची. रिकामीच आहे." थोआने डब्यावर टिचकी मारली. "आणि ज्या बाईला नव्वदचं करते तिला सांगायचं, जपानी घे, खाज येत नाही."

ती स्वतःच हसली. हानबाईंनाही मग जपानीच द्यायचं ठरलं.

शून्य. नखं लालभडक झाली होती. थोआने एक नख टेबलावर आपटलं. टक् आवाज आला. वरून दगड.

तिने पाटीचा फोटो गिऱ्हाइकांच्या गटावर टाकायला फोन उचलला आणि कुलूप उघडायला उजवा अंगठा टेकवला.

फोन थरथरला. ओळख पटली नाही.

तिने अंगठा ॲप्रनला पुसून पुन्हा टेकवला.

ओळख पटली नाही.

"दमट हवा आहे," थोआ म्हणाली. फुंकर मारून तिने अंगठा तिसऱ्यांदा टेकवला, या वेळी जोरात, टोक पांढरं होईपर्यंत.

दिएपने बशीतला शेवटचा काप काडीने उचलला.

"आकडे टाका, ताई," ती म्हणाली. "मीही हल्ली आकडेच टाकते."